दुसऱ्या भागापासून वाचणारी आत्या

आमची आत्या कुठल्याही मालिकेचा पहिला भाग वाचत नसे. कादंबरी दोन भागांची असो की सात, ती सरळ दुसरा भाग उघडून बसायची. "पहिल्या भागात नुसती ओळखपाळख असते," ती म्हणायची. "हा कोण, ती कोण, कुठे भेटली, कोणाचे डोळे कसे. मला काय त्यांच्यातलं स्थळ बघायचंय? भेटल्यावर पुढे निभावलं का, ते सांगा." आधी काय घडलं असेल ते ती दुसऱ्या भागावरून ओळखायची, आणि तिचा अंदाज पुष्कळदा मूळ गोष्टीपेक्षा चांगला असायचा.

या सवयीचं मूळ साधं होतं. नोकरीत असताना ती सुट्टीच्या दिवशी वाचनालयात जायची. तिथे लोकांना आवडणाऱ्या मालिकांचे पहिले भाग कायम बाहेर गेलेले. दुसरे भाग मात्र कपाटात कोरे करकरीत, कारण निम्मे वाचक तोवर गळालेले. रिकाम्या हाताने परत येणं तिच्या स्वभावात नव्हतं. मग जे मिळेल ते ती आणायची. पुढे पहिला भाग समोर दिसत असला तरी ती उचलेना.

ती माझ्या नवऱ्याची, समीरची आत्या. लग्न होऊन मी नाशिकला गंगापूर रोडच्या घरात आले तेव्हा तिथे तीन माणसं होती. समीर, त्याचे वडील अण्णा आणि अण्णांची धाकटी बहीण, म्हणजे ही आत्या. सासूबाई माझ्या लग्नाच्या बऱ्याच आधी गेल्या होत्या, तेव्हापासून घर आत्याच चालवत होती. अण्णांचं घराणं गंगेवरचं, म्हणजे गोदावरीच्या घाटावरचं. यात्रेकरूंची धार्मिक कार्यं करणं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय. अण्णांनी स्वतः सरकारी नोकरी केली, पण निवृत्तीनंतर रोज सकाळी स्कूटर काढून गंगेवर जायचे आणि ठरलेल्या यजमानांचं कार्य आटोपून जेवायला घरी यायचे. आत्या मात्र तरुणपणीच सातपूरच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. तिने लग्न केलं नव्हतं. का, ते कोणी मला सांगितलं नाही, आणि नव्या सुनेने असलं काही विचारायचं नसतं एवढं मला कळत होतं.

स्टोअरमधली नोकरी तिच्या अंगात इतकी मुरली होती की घरातली कुठलीही वस्तू ती जागेवरून न उठता सांगायची. "सेफ्टी पिना? तुमच्या खोलीतल्या कपाटात, खालून दुसरा खण, बिस्किटाच्या चपट्या डब्यात. तीन मोठ्या असतील, बाकी छोट्या." कपाट माझं, खण माझा आणि डबाही माझाच. पण मला ठाऊक नसलेलं तिला ठाऊक असायचं. म्हणूनच मी माझी पुस्तकं जिथे दडवली होती तिथे ती दडलेली राहणं शक्यच नव्हतं.

दडवायची कारण मला त्यांची थोडी लाज वाटायची. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात दिवसभर नकाशे करते, आणि घरी आले की मला राजवाडे, शाप, मंतरलेली जंगलं आणि त्या सगळ्याच्या मधोमध एकमेकांवर जिवापाड प्रेम करणारी दोन माणसं लागतात. अशीच एक मालिका मी लग्नाआधी धरली होती. धुक्याच्या राज्याचा राजपुत्र आणि नदीपलीकडच्या राज्यातली, पाण्याच्या घोड्यांवर बसणारी एक मुलगी. पहिल्या भागात दोघांचं जुळलं आणि शेवटी युद्ध पेटून ताटातूट झाली. दुसऱ्या भागाची मी वर्षभर वाट पाहिली. तो आला शुक्रवारी. शनिवार-रविवार वाचून मी शंभरेक पानं संपवली, खूण घातली, ओढण्यांखाली पुस्तक ठेवलं आणि सोमवारी ऑफिसला गेले.

संध्याकाळी घरी आले तर आत्या बाल्कनीत. मांडीवर ताटलीत निवडायच्या शेंगा, आणि शेंगांच्या वर माझं जाडजूड पुस्तक उघडं.

"अहो आत्या, ते माझं..." मी पर्स खांद्यावरून न काढताच म्हटलं.

"दुसरा भाग आहे ना?" ती मान वर न करता म्हणाली. "म्हणून घेतलं. तुझी खूण हलवलेली नाही."

"पण ते इंग्रजी आहे."

"मग? तेहतीस वर्षं मी स्टोअरचा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत केला. नट-बोल्टच्या इंग्रजीपेक्षा हे प्रेमाचं इंग्रजी फार सोपं आहे गं. एकच गोष्ट तीन-तीनदा सांगतात."

त्यानंतरचे चार दिवस घरात शीतयुद्ध चाललं. मी ऑफिसला गेले की पुस्तक तिच्याकडे, मी आले की माझ्याकडे. पण मी आले तरी ती प्रकरण अर्धवट सोडायला तयार नसे आणि मला तोवर दम निघत नसे. पाचव्या दिवशी घरी आले तर पुस्तक जेवणाच्या टेबलावर होतं. दोन तुकड्यांत. भाजी चिरायच्या सुरीने तिने ते पाठीवरून बरोबर मधोमध कापलं होतं, सुटणाऱ्या पानांना खाकी चिकटपट्टी लावली होती, आणि दोन्ही तुकड्यांना जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची कव्हरं घातली होती.

मला रडू यायचं बाकी राहिलं. मी पुस्तकाच्या पानाचा कोपरासुद्धा दुमडत नाही.

"हा मागचा अर्धा तुझा, हा पहिला माझा," आत्या शांतपणे म्हणाली. "एक माल, दोन मागण्या. त्यावर दुसरा उपाय नसतो."

मी रागाने माझा अर्धा भाग उचलून खोलीत गेले. समीर म्हणाला, "दुसरी प्रत मागव ना." मी मागवणारही होते. पण तासाभराने बाल्कनीतून आत्याचं खळखळून हसणं ऐकू आलं, आणि ती कुठल्या पानावर हसली हे जाणून घेतल्याशिवाय मला राहवेना. मी बाहेर गेले, आणि दुसरी प्रत राहिली ती राहिलीच.

त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा आम्ही दोघी बाल्कनीत घ्यायला लागलो. आत्याची वाचायची तऱ्हा न्यारी होती. जादूवर तिचा पटकन विश्वास बसायचा, पुरवठ्यावर मात्र बसायचा नाही. "पाण्याचे घोडे आहेत ना, असू देत," ती म्हणायची. "पण एवढी फौज घेऊन तीन आठवडे डोंगरात बसलीत ही माणसं. खातात काय? धान्य कुठून येतं? तुझ्या त्या राजपुत्राच्या पदरी एक तरी धड स्टोअरकीपर आहे का?"

राजपुत्राचा उल्लेख ती आधी मोठ्या आदराने करायची. "आज आपले राजपुत्र जखमी झाले." "राजपुत्रांनी तह मान्य केला." पण तो चुकीचं वागला की त्याचं पद एका झटक्यात जायचं. "मेल्याला एवढंही कळू नये?" पुढच्या प्रकरणात त्याने काही बरं केलं की पुन्हा अहो-जाहो.

आणि मला ज्यांची धास्ती होती ती प्रकरणंही यायची. या पुस्तकांत ती येतातच. सोळावं प्रकरण तिच्या अर्ध्या भागात होतं हे मला माहीत होतं. त्या संध्याकाळी मी चहाचे कप घेऊन गेले तेव्हा तिने चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि गंभीरपणे म्हणाली, "सोळावं झालं."

"हं," मी कपात बघत म्हटलं.

"लिहिणाऱ्या बाईला शरीरशास्त्र चांगलं येतं. युद्धशास्त्र मात्र काही येत नाही."

मी इतकी हसले की चहा अंगावर सांडला. आतून अण्णांनी काय झालं म्हणून विचारलं, तर आत्या म्हणाली, "काही नाही, तहाच्या अटी ठरतायत." त्याच संध्याकाळी कसल्याशा वादात माझ्या तोंडून "आत्या, तू ना काहीही बोलतेस!" असं निघून गेलं. मी जीभ चावली. तिने ऐकलं न ऐकलंसं करून शेंगदाण्यांची वाटी पुढे सरकवली. तेव्हापासून ती माझी 'तू' झाली.

पुस्तकाच्या मागच्या अर्ध्या भागात खरी गंमत होती. युद्ध थांबतं आणि दोन्ही राज्यांची माणसं तहासाठी एका किल्ल्यात येऊन राहतात. ती मुलगी एका बाजूने, राजपुत्र दुसऱ्या बाजूने. रोज एकाच टेबलावर समोरासमोर बसायचं, सीमेबद्दल आणि धान्याबद्दल बोलायचं. दोघांनाही वाटतंय की समोरचा आपल्याला विसरला. दोघंही विसरलेले नाहीत, आणि दोघंही बोलत नाहीत. माझं वाचून झालं होतं. आत्याने मागचा भाग हातात घेतला आणि तिचा जीव कासावीस व्हायला लागला. "बोल की बाई!" ती पुस्तकाला दटावायची. "तोंड शिवलंय का? समोर बसलाय ना तो!"

याच सुमारास, डिसेंबरच्या एका रविवारी, तांदूळवाले भोये आले.

भोये दरवर्षी भात निघाला की सुरगाण्याकडून जीपमधून यायचे. नव्या तांदळाचं एक पोतं, थोडी नागली म्हणजे नाचणी, कधी एखादी लाल भोपळ्याची फोड. उंच, सावळे, पांढरे केस बारीक कापलेले, सदरा नेहमी इस्त्रीचा. मी त्यांना एवढंच ओळखत होते की ते पूर्वी आत्याच्याच कारखान्यात टूलरूमला होते आणि निवृत्त होऊन गावी शेती करतात. ते आले की अण्णा उठून आपल्या खोलीत जायचे. मला वाटायचं, त्यांना तांदळाच्या व्यवहारात रस नाही.

त्या रविवारी मी बाल्कनीतच बसले होते. भोये दारालगतच्या खुर्चीवर टेकले. आत्याने चहा दिला आणि समोर बसली.

"पाऊस कसा झाला?"

"बरा झाला."

"तब्येत?"

"बरी हाय. तुमची?"

"बरी आहे. मुलगी काय म्हणते?"

"मजेत हाय. वणीला दवाखान्यात नर्स हाय ना, लय धावपळ."

चहा संपला. भोयेंनी कप उचलून स्वतः सिंकमध्ये ठेवला, "येतो," म्हणाले, आणि गेले. आत्या बाल्कनीत आली. खाली जीप सुरू होऊन कोपऱ्यावर वळेपर्यंत कठड्याशी उभी राहिली. त्या दिवशी तिने पुस्तक उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी आपलं नेहमीसारखं त्या मुलीच्या नावाने खडे फोडायला लागले. "किती मूर्ख असावं एखादीने! रोज समोर बसतो, आणि ही त्याला विचारते काय, तर गव्हाचं पीक कसं आहे!"

आत्या कधी नव्हे ती त्या मुलीच्या बाजूने बोलली. "तसं सोपं नसतं ते."

तिच्या आवाजात असं काही होतं की मी कप खाली ठेवला. आदल्या दिवशीचं सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. पाऊस कसा झाला, तब्येत कशी आहे, आणि कठड्याशी उभी राहिलेली ती.

"आत्या," मी म्हटलं, "भोयेकाका?"

तिने शेंगदाण्यांची सालं फुंकून टाकली. मग सरळ सांगायला लागली. ती सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असताना भोयेंनी तिला विचारलं होतं. कंपनीच्या बसची वाट बघताना, सातपूरच्या थांब्यावर, चार लोकांत, पण हळू आवाजात. तिला ते मनापासून हवं होतं. तिने घरी सांगितलं. समीरच्या आजोबांनी आकांत केला. गंगेवरच्या घरातली मुलगी डोंगरातल्या आदिवासी मुलाला द्यायची, हे त्यांच्या कल्पनेतही बसणारं नव्हतं. त्यांनी अण्णांना कारखान्यात पाठवलं, भोयेंना समज द्यायला. अण्णा जाऊन आले. आणि दुसऱ्या दिवशी भोये स्टोअरच्या खिडकीवर ड्रिल घ्यायला आले, तेव्हा आत्याने ड्रिल देता देता मान हलवून नाही म्हणून सांगितलं.

"ते काही बोलले नाहीत?"

"ड्रिल घेतलं आणि गेला. कधी वाकडं बोलला नाही, कधी आडून काही सुचवलं नाही. पुढे त्याचं लग्न झालं. बायको चांगली होती त्याची, मी भेटलेय. सहा-सात वर्षांपूर्वी गेली ती."

"आणि नंतर? एवढी वर्षं येतात ते. कधी विचारलं नाही पुन्हा?"

"त्याने का विचारायचं?" आत्या म्हणाली. "त्याचं विचारून झालं होतं. आता पाळी माझी होती."

तिनेच विषय बदलला, उठून कुकर लावला.

पुढच्या रविवारी दुपारी तिचं पुस्तक संपत आलं. मी मुद्दाम आतबाहेर करत होते, कारण शेवट मला माहीत होता. तहाचा शेवटचा दिवस. उद्या सगळे आपापल्या राज्यात परत जाणार. ती मुलगी रक्षकांना दूर पाठवते, मनोऱ्याच्या पायऱ्या चढते, राजपुत्राच्या दारासमोर उभी राहते, थाप मारायला हात वर करते, आणि पुस्तक संपतं.

आत्याने शेवटचं पान उलटलं. मागे कोरं पान. ते उलटलं, तर कॅलेंडरचं कव्हर.

"पुढे?" तिने विचारलं.

"पुढचा भाग पुढच्या वर्षी."

"म्हणजे?" आत्याचा आवाज चढला. "ती बया वर्षभर दारात हात वर करून उभी?"

"तसंच असतं ते. वाट बघायची."

"तुम्ही बघा वाट! मी एकसष्ट वर्षांची आहे!" तिने पुस्तक धाडकन टेबलावर ठेवलं, स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली, परत आली. तोवर तिचा चेहरा पार बदलला होता. इतका शांत की मला भीती वाटली. "केतकी, उद्या सुट्टी काढ. गाडी तू चालव. सुरगाण्याला जायचंय."

दिंडोरी, वणी करत आम्ही निघालो. घरी सांगितलं होतं की नागली कमी पडलीय. समीरला मी खरं सांगितलं, तो फक्त म्हणाला, "गाडीत पेट्रोल आहे, हळू जा." वाटेत आत्या तिच्या स्वभावाविरुद्ध गप्प होती. घाट लागला तेव्हा एकदा म्हणाली, "हसतील का गं लोक?" मी म्हटलं, "हसतील." ती म्हणाली, "हसू देत. मी पण हसलेच असते."

भोयेंचा पाडा सुरगाण्याच्या पुढे, एका उतारावर. कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेला ओटा, खाली कापणी झालेली भातखाचरं. भोये ओट्यावर पाण्याचं इंजिन खोलून बसले होते. हात काळे, समोर गोणपाटावर सगळे सुटे भाग ओळीने मांडलेले. आम्हाला बघून ते उठायला लागले, तर आत्याने हाताने थांबवलं.

मी गाडीपाशीच थांबायचं ठरवलं होतं, पण पाय आपोआप पुढे गेले. आत्या ओट्यासमोर उभी राहिली. वर चढली नाही.

"भोये, तुम्ही मला एकदा विचारलं होतंत," ती म्हणाली. "तेव्हा मी नाही म्हटलं. माझ्या मनात तसं नव्हतं, तरी म्हटलं. आज मी विचारायला आले आहे. तुम्हाला नाही म्हणायचं असेल तर म्हणा, मी राग मानणार नाही. पण मी विचारल्याशिवाय राहणार नाही."

भोयेंनी हातातला पाना गोणपाटावर त्याच्या जागी ठेवला. चिंधीने एकेक बोट पुसलं.

"तुला एक विचारू का?" ते म्हणाले. 'तुला' हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. "हा तांदूळ सुरगाण्याच्या बाजारात इकत नाय का?"

"विकत असेल की."

"इथंच समदा खपतो. दारातून उचलून नेतात. मग एक पोतं घेऊन मी एवढा घाट ओलांडून नाशकाला कशाला येतो? इतकी वर्षं?"

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती हसायलाही लागली, दोन्ही एकदमच. "मग बोलायचं ना, मेल्या!" ती म्हणाली. मी तोंड फिरवून खाचरांकडे बघत बसले, कारण माझंही काही खरं नव्हतं.

मग भोयेंनी चहा केला. दूध नव्हतं, काळाच केला, गूळ घालून. मुलीला फोन लावला. ती दवाखान्यातून इतक्या मोठ्याने ओरडली की मला फोनबाहेर ऐकू आलं, "बाबा, शेवटी!"

अवघड गोष्ट घरी होती. आत्याने दुसऱ्याच दिवशी, रात्रीच्या पानावर, अण्णांना सांगितलं. अण्णांचा घास हातात राहिला.

"या वयात?"

"मागच्या वेळी वय होतं, तेव्हा जात आडवी आली. आता वय आडवं आणताय. मला एकदा सगळं मिळून सांगा, अण्णा."

अण्णा पानावरून उठले. त्या दिवसापासून त्यांनी बहिणीशी बोलणं टाकलं. गंगेवर जायचे, यायचे, खोलीचं दार लावून बसायचे. आत्याने त्यांच्या आवडीचं सगळं रांधलं, एकदाही आवाज चढवला नाही आणि एकदाही माघार घेतली नाही. समीरने समजावून पाहिलं. शेवटी अण्णा त्याच्याजवळ एवढंच बोलले, "तिला अडवणारा मी कोण? पण ती गेली की या घरात माझ्या बरोबरीचं कोण उरलं रे?" हे समीरने आम्हाला सांगितलं तेव्हा आत्या पदराने डोळे टिपत बसली. पण ठाम राहिली.

आठवड्याभराने मी पुस्तक शोधायला लागले. पहिला तुकडा जागेवर नव्हता. आत्यालाही सापडेना, आणि तिला वस्तू सापडत नाही हे मी पहिल्यांदाच बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा अचानक बाल्कनीत आले. हातात कॅलेंडरच्या कव्हरातलं पुस्तक, चेहरा रागीट.

"हे वाचून तुझं डोकं फिरलं असं समीर म्हणाला," ते बहिणीला म्हणाले. "म्हटलं, बघू तरी काय आहे."

"मग?" आत्याने विचारलं.

"मधली काही पानं मी सोडली."

"सोळावं," मी आणि आत्या एकदम म्हणालो.

अण्णांचे कान लाल झाले. मग ते खाकरून म्हणाले, "उरलेला अर्धा कुठे आहे?"

उरलेला अर्धा त्यांनी दोन दिवसांत वाचला, गंगेवरची कार्यं सांभाळून. तिसऱ्या दिवशी दुपारी खोलीचं दार उघडलं. "हे काय? हे असं कसं संपवलं? ती आत गेली की नाही?"

"मलाही असंच झालं, अण्णा," आत्या म्हणाली. "म्हणून तर मी गेले."

अण्णा हसायला लागले. हसता हसता खुर्चीत बसले. मग त्यांचं हसू थांबलं, आणि त्यांनी बहिणीचा हात धरला. "तेव्हा कारखान्यात मी जायला नको होतं गं. बाबांना नाही म्हणायला हवं होतं." आत्याने त्यांच्या हातावर दुसरा हात ठेवला. मग अण्णा एकदम भटजींच्या आवाजात म्हणाले, "नोंदणी कचेरीतच करायचंय ना? करा. पण मुहूर्त मी काढणार. कचेरीच्या वेळात बसवून देतो."

तसा त्यांनी बसवलाही. सह्या झाल्यावर अण्णा भोयेंसमोर गेले आणि हात जोडायला लागले, तर भोयेंनी त्यांचे हात धरून खाली केले. "झालं ते झालं. नव्या भाताला घरी यायचं. तुमची खोली मोकळी ठेवलीय." आणि अण्णा खरंच जातात. पंधरा पंधरा दिवस राहून येतात. तिथल्या ओट्यावर भोयेंशी पत्ते खेळतात आणि हरले की रागावतात.

आत्या सुरगाण्याला राहायला गेली त्या दिवशी मी फार बडबड केली. जीपमध्ये तिच्या दोन बॅगा, लोणच्याची बरणी, शिवणाचं मशीन असं सगळं चढवलं. ती पुढच्या सीटवर बसली, मला जवळ बोलावलं आणि माझ्या गालावर हात ठेवला. "घर नीट ठेवशील हे मला माहीत आहे. पण नीट ठेवण्यात सगळा वेळ घालवू नकोस." जीप गेली. मी वर आले, आणि मला मीठ सापडेना. मिठाची बरणी समोर ओट्यावरच होती, पण डोळे इतके भरले होते की ती दिसायलाच वेळ लागला.

मालिकेचा तिसरा भाग पुढच्या जुलैत आला. मी तो अर्ध्यावर न थांबता वाचून काढला, पण दर दोन पानांनी मान वर करून कोणाला तरी काही सांगावंसं वाटायचं आणि समोर रिकामी खुर्ची असायची. न राहवून पुढच्या रविवारी पुस्तक घेऊन सुरगाणा गाठलं. आवणीचे दिवस होते. बारीक पाऊस, खाचरांत घोटाभर पाणी, आणि भाताची रोपं लावत वाकलेल्या बायांमध्ये आत्या. डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली. मला बघून ती बांधावरून धावत आली. एवढी भराभर चालताना मी तिला नाशिकला कधी पाहिलं नव्हतं.

"तिसरा भाग!" मी पुस्तक पुढे केलं. "पहिल्याच पानावर दार उघडतं की नाही ते कळतं."

तिने चिखलाचे हात मागे लपवले. "आत फडताळावर ठेव. आवणी झाली की बघते."

"आत्या! तुला एक वर्ष थांबायचं म्हटलं तर केवढी चिडली होतीस तू!"

"तेव्हा वेळ नव्हता गं माझ्याकडे," ती हसत म्हणाली. "आता आहे."

खालून भोयेंनी हाक मारली. ते रोपांची जुडी हातात घेऊन मध्यावर उभे होते आणि त्यांच्या ओळीशेजारची जागा मोकळी होती. आत्या वळली, बांधावर एकदा घसरली, सावरली, आणि पाणी उडवत त्यांच्याकडे गेली.